पहिल्या कंगव्याआधी

ते पत्र इत्सुएच्या नावाने आलं होतं, म्हणून त्याचं उत्तर देणं माझं काम नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली होती. पाकीट फिकट जांभळं, अक्षर गोल आणि थोडं उजवीकडे झुकलेलं, आणि नावामागे आदराने लिहिलेलं ‘सेन्सेई’. माझ्या बायकोला आयुष्यात कुणी सेन्सेई म्हटलं नव्हतं. गल्लीतल्या बायका तिला इत्सुए-सान म्हणत, शाम्पूच्या बरण्या आणून देणारा पार्लरवाल्या बाई म्हणे, आणि मी तर तिला हाकच मारत नसे, पडद्यामागून नुसता खाकरायचो. पत्र आलं तेव्हा तिच्या अस्थी अजून घरातच होत्या. मी ते उघडलं, वाचलं, उत्तर लिहायचं तर पहिल्याच ओळीत काय लिहावं लागेल ते लक्षात आलं, आणि होती तशी घडी घातली. लिहिणारी होती नोझुए चिहाया, तोक्योच्या कोएन्जी भागातल्या एका पार्लरमध्ये काम करणारी मुलगी. आजीच्या काळातले किमोनो घालून हिंडणाऱ्या मुली तिच्याकडे येतात, असं तिने लिहिलं होतं. त्यांना केसही त्याच काळातले हवे असतात. कानांवरून उतरणाऱ्या लाटा, फुगवलेला माथा, मानेपासून वर चढत जाणारा उभा रोल. एकदा ती आमच्या गल्लीतून जाताना दुकानाच्या काचेतल्या फोटोपुढे थांबली होती. ‘त्या फोटोतल्या बाई पाठमोऱ्या आहेत आणि केसांत खोवलेला एकही आकडा दिसत नाही. माझ्या हातचा रोल आकड्यांनी भरलेला असतो आणि तरी संध्याकाळपर्यंत ढळतो. मुली म्हणतात, फोटो समोरूनच काढायचा आहे, मागचं कोण बघतंय. पण मला मागचं नीट करायचं आहे. सेन्सेई, तो रोल तुम्ही कशावर उभा केला होता?’ एवढाच प्रश्न होता. पत्र मी खणात ठेवलं आणि त्यानंतर दोन शरद गेले.

यंदाच्या नोव्हेंबरात एका सकाळी मी ग्रंथालयाला जायला आसाकुसाकडच्या बसमध्ये बसलो होतो, मांडीवर पुस्तक उघडं होतं. पुढच्या आसनावर दोन मुली होत्या. अंगावर जुन्या बाजारातले रेशमी किमोनो, एकीच्या किमोनोवर थाळीएवढी डेलियाची फुलं, दुसरीच्यावर बाणांच्या पिसांची जांभळी नक्षी. डेलियावालीने केसांचा उभा रोल घातला होता. बस वळली आणि त्यातला एक आकडा निसटून माझ्या पुस्तकाच्या घडीत पडला. मी दचकलो. एवढ्याशा तारेने दचकावं असं काही नव्हतं, पण इत्सुए गेल्यापासून माझ्यासमोर आकडा पडला नव्हता. पूर्वी आमच्या घरात आकडे कुठेही सापडत. चपलेत, तांदळाच्या डब्याखाली, एकदा तर मी तपासून पाठवलेल्या मुद्रितांच्या गठ्ठ्यात, आणि छापखान्यातल्या माणसाने त्याचा उमटलेला ठसा दुरुस्तीची खूण समजून एक आख्खा शब्द काढून टाकला होता. मी आकडा उचलून पुढे केला आणि माझ्याच हातून पडल्यासारखं ‘माफ करा’ म्हणालो. मुलगी वळली, हसली, आणि मैत्रिणीला म्हणाली, “बघ, पुन्हा गळायला लागलं. झाड झालंय माझं.” मैत्रीण फोनमधून डोकं वर न काढता म्हणाली, “समोरून दिसतंय ना नीट? मग सोड.” तेव्हा मी पहिल्यांदा त्या रोलकडे पाहिलं. पट्टीवर टाके घालावेत तसे वरपासून खालपर्यंत आकडे दिसत होते, आणि एवढे असूनही सगळं एका बाजूला कलत चाललं होतं. ते कोएन्जीचंच काम असेल असं मानायला काही आधार नव्हता. तोक्योत हजार पार्लरं आहेत. पण कुणीतरी हात दुखेपर्यंत ते आकडे खोवले होते, आणि ते का टिकत नाहीत हे तिला कळत नव्हतं, आणि ज्या एका घरात ते कळण्याची शक्यता होती त्या घरात तिचं पत्र खणात पडून होतं. मी ग्रंथालयाला न जाता पुढच्याच थांब्यावर उतरलो आणि क्योजिमातल्या आमच्या घरापर्यंत चालत आलो. चालताना ठरवलं होतं की आज उत्तर लिहायचं.

घराच्या खालच्या मजल्यावर पार्लर, वर आम्ही. काचेतला फोटो उन्हाने चहाच्या रंगाचा झाला आहे. त्यातली पाठ आणि मान आमच्या कोपऱ्यावरच्या तांदळाच्या पापडांच्या दुकानातल्या तोगावा-सान यांची. तेव्हा त्या तिशीत होत्या आणि भावाच्या लग्नाला निघाल्या होत्या, इत्सुएचं दुकान नवीन होतं. तो फोटो मी इतक्या वर्षांत हजारदा पाहिला असेन, आणि मला त्यात नेहमी एकच गोष्ट दिसली. रोलची घडी उजवीकडून येऊन डावीवर बसली होती. किमोनोची उजवी बाजू वर घेतात ती फक्त मेलेल्या माणसाची, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, त्यामुळे मी मनाशी निकाल देऊन टाकला होता की स्टुडिओवाल्याने निगेटिव्ह उलटी धरून फोटो छापला. मुद्रितं तपासणाऱ्याची नजर, तिला चूक सापडली की बरं वाटतं. एकदा मी इत्सुएला तसं सांगितलंही. ती कुणाच्यातरी केसांत गुंतलेली होती, दातांत दोरी धरलेली होती. तिने माझ्याकडे पाहून मान हलवली. स्टुडिओवाल्याबद्दलची खंत म्हणून हलवली असं मी समजलो.

उत्तर त्या दिवशी लिहून झालं नाही. पहिल्या ओळीचं संकट टाळण्यासाठी मी आधी मधला मजकूर तयार करायचं ठरवलं, आणि मधल्या मजकुरासाठी पुस्तकांकडे गेलो. आयुष्यभर मी तोक्योच्याच कान्दा भागातल्या एका प्रकाशन संस्थेत शब्दकोशांची मुद्रितं तपासली. कुठल्याही प्रश्नाचं उत्तर कुठल्यातरी पानावर असतं हा माझा धंद्यातला विश्वास. ग्रंथालयात केशरचनांवर पुष्कळ पुस्तकं होती. कोणत्या राजवटीत काय होतं, कुठल्या अंबाड्याला काय नाव, कुणी कुणाची नक्कल केली, सगळं होतं. चित्रं बहुतेक समोरून. त्या उभ्या रोलविषयी एका जाड पुस्तकात शेवटी लिहिलं होतं, ‘आकडे दिसणार नाहीत अशा बेताने लावावेत.’ मी ते वाक्य उतरवून घेतलं, घरी आणलं, पत्रात घातलं आणि दिव्याखाली वाचलं. तिने विचारलं होतं, हे जमतं कसं, आणि मी तिला तिचाच प्रश्न सभ्य भाषेत परत पाठवत होतो. कागद फाडला. मग वाटलं, हे सगळंच हास्यास्पद आहे, दोन वर्षांनी कोण वाट बघत बसलंय. ती मुलगी आता दुसरं काही करत असेल. हा विचार मला फार सोयीचा वाटला, आणि सोयीचा वाटला म्हणूनच मी त्याच्यावर विश्वास ठेवला नाही. स्वतःबद्दल मला एवढं तरी कळतं.

पण मला माहीत काय होतं? दुकानाच्या मागच्या बाजूला एक निळा पडदा आहे आणि त्यामागे माझं टेबल. वरची खोली थंड, शेगडी एकच आणि ती दुकानात, म्हणून मी मुद्रितं घरी आणली की तिथे बसायचो. बायका मोकळेपणी बोलायच्या, कारण पडद्यामागे मी आहे हे त्या विसरून जायच्या, आणि मीही आठवण करून द्यायचो नाही. नवऱ्यांच्या तक्रारी ऐकल्या, सुनांच्या ऐकल्या, एकदा माझ्याबद्दलही ऐकलं, की इत्सुए-सानचा नवरा म्हणजे बिनउपद्रवी फर्निचर आहे. त्यावर इत्सुए काय बोलते ते ऐकायला मी पेन्सिल थांबवली होती, पण तिच्या दातांत तेव्हाही दोरीच असावी. म्हणजे मी डोळ्यांनी काही पाहिलं नव्हतं, पण कानांनी सगळं ऐकलं होतं. अंधारात पडून मी ते क्रमाने आठवायला लागलो. खुर्ची वर चढवणाऱ्या पायपट्टीचा फस् फस् आवाज. मग काहीच नाही, एक दीर्घ श्वास घेता येईल एवढी शांतता. त्या वेळी ती दमून क्षणभर उभी राहत असेल असं मला वाटायचं. मग कंगवा, मुळापासून टोकापर्यंत. मग एक करकर, बारीक, नवीन चपलेसारखी. मग कात्रीचा एकच टक्. मग बराच वेळ नुसता कापडाचा आणि हातांचा आवाज, आणि अगदी शेवटी आकडे, तेही मोजकेच, चिनी मातीच्या बशीतून उचलल्याचे. करकर कसली? मी उठलो, खाली गेलो आणि तिचे खण उघडले. तिसऱ्या खणात मोतोयुईची जुडी होती, केस बांधायची ती कागदाची पीळदार पांढरी दोरी. एक धागा बोटाला गुंडाळून ओढला. करकर झाली. रिकाम्या दुकानात मी ती पुन्हा पुन्हा करून पाहिली.

दुसऱ्या दिवशी तोगावा-सानना फोन केला. काय बोलायचं ते आधी कागदावर लिहिलं होतं, आणि दुसऱ्याच वाक्याला कागद निरुपयोगी झाला. “कोण? इत्सुए-सानचे मिस्टर? तुम्हाला आवाज आहे होय?” असं त्या म्हणाल्या. मी जमेल तसं सांगितलं. त्या नाताळानंतर सेन्दाईला मुलाकडे कायमच्या जाणार होत्या, पापडांचं दुकान विकलं गेलं होतं. तो रोल ज्या डोक्यांवर बसला होता त्यातली बाकीची डोकी आता या जगात नव्हती किंवा काही ओळखण्याच्या पलीकडे गेली होती. हे एक वर्षअखेर गाडीत बसणार होतं. “माझं डोकं हवंय म्हणता,” तोगावा-सान म्हणाल्या, “घ्या. पोराने सगळं सामान खोक्यांत भरलंय, डोकं तेवढं बाहेर आहे.”

त्याच आठवड्यात माझी मुलगी मिसाओ आली. तिने एका कॅफेवाल्याला शब्द दिला होता. आमच्या दुकानातले केस वाळवायचे ते तीन हंडे, ज्यांच्याखाली बायका मासिकं वाचत बसायच्या, त्याला दिवे करून टांगायला हवे होते. जुन्या वस्तूंना हल्ली फार मागणी आहे, बाबा, हे लोक जपतील तरी, असं तिचं म्हणणं, आणि ते खोटं नव्हतं. खुर्चीही न्यायची होती. हंडे नेऊ देत, मी म्हणालो, खुर्ची राहील. तिने कारण विचारलं तेव्हा सांगावं लागलं. ती म्हणाली, “बाबा, तुम्हाला सुईत दोरा ओवता येत नाही. आणि परवाना नसलेला माणूस परक्या बाईच्या डोक्याला हात लावणार? गल्लीत काय म्हणतील?” फर्निचर म्हणतील, असं माझ्या ओठांवर आलं होतं, पण तिला ते कळलं नसतं. मी एवढंच म्हणालो की पैसे घेणार नाही आणि खुर्ची देणार नाही. तिला मी याआधी कधी नाही म्हटलं होतं ते मला आठवेना. तिलाही आठवलं नसावं, कारण जाताना ती खुर्चीवरची धूळ पुसून गेली.

तोगावा-सान पहिल्या सकाळी आल्या तेव्हा आरशापुढे बसता बसता म्हणाल्या, आधी हात धुवा, शाईचा वास येतो. मी धुतले. पायपट्टी दाबून खुर्ची वर चढवली, आणि मग त्यांच्या मागे उभा राहिलो ते उभाच राहिलो. त्यांचे केस विरळ, पांढरे, ओल्या वर्तमानपत्राच्या कडेसारखे मऊ आणि केव्हाही तुटतील असे. त्यांना हात लावणं म्हणजे कुणाच्या तरी झोपेत शिरण्यासारखं वाटत होतं. शेवटी मी बोटं ठेवली. टाळू इतकी कोमट असते हे मला माहीत नव्हतं. इत्सुएचे केस मी असे कधी हातात घेतले नव्हते. ती स्वतःचे केस मुलासारखे आखूड कापायची, दिवसभर दुसऱ्यांचे करून स्वतःचे कोण करणार म्हणायची, आणि इस्पितळात तर डोक्यावर विणलेली टोपीच होती. तोगावा-सान आरशातून माझ्याकडे न पाहता म्हणाल्या की इत्सुए-सानचा हात तापलेल्या तव्यासारखा गरम असायचा, तुमचा बर्फाचा आहे, पण चालेल, सुरू करा.

आमची कामाची पद्धत चमत्कारिक होती. मी ऐकलेलं सांगायचो, त्या सोसलेलं सांगायच्या. इथे कंगवा जोरात यायचा का, असं मी विचारी. त्या डोळे मिटत, आणि म्हणत, नाही, तिथे नाही, खाली, कानाच्या रेषेत, तिथे पहिला ओढा बसायचा, असा की भुवया वर जायच्या. मी करकरीबद्दल विचारलं तर त्या एकदम म्हणाल्या, हो, कानाशी, दात खाल्ल्यासारखा आवाज. म्हणजे मधल्या केसांची आधी एक छोटी शेपटी, ती कागदाच्या दोरीने आवळलेली, आणि तोच खांब. एवढं कळायला दोन सकाळी गेल्या. बांधायला मात्र तीन हात लागतात, इत्सुए तिसऱ्याच्या जागी दात वापरायची. मी दोरी दातांत धरून ओढली आणि माझी कवळी पुढे सरकली. तोगावा-सान इतक्या हसल्या की सगळे केस माझ्या हातांतून सुटले. मग त्यांनी खांद्यावरून हात मागे केला. “द्या इकडे ते टोक. माझे दात अजून माझेच आहेत, आयुष्यभर पापड मोडलेत.” आणि खरंच मान वाकडी करून दोरीचं टोक दातांत धरून बसल्या. दोघांनी मिळून गाठ मारली. त्यांच्या भुवया वर गेल्या आणि त्या दातांआडून समाधानाने हुंकारल्या.

तरी रोल टिकेना. शेपटीभोवती बाजूचे केस आणून मी घडी घालायचो, आकडे आतून शेपटीत खोवायचो, क्षणभर सगळं फोटोसारखं दिसायचं, आणि त्या शिंकल्या की घडी हळूच उघडायची. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी जास्त आकडे लावले आणि तो रोल त्या बसमधल्या मुलीच्या रोलचा सख्खा भाऊ दिसायला लागला. मी चुका मोजत राहिलो. तेल कमी असेल, दोरी जुनी असेल, वय झालं केसांचं. माझी माझ्याबद्दलची मतं अशा वेळी फार मोठ्याने बोलू लागतात. या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांच्या ओळी तपासल्या, स्वतःची एक लिहिली नाही, आणि आता एका म्हाताऱ्या बाईला उगाच सकाळी सकाळी थंडीत बोलावतोय. एका सकाळी मी खरंच म्हणालो की आपण थांबू या, तुम्हाला बांधाबांध असेल. तोगावा-सान उठल्या नाहीत. “दुखत नाहीये,” त्या म्हणाल्या. “गाठीपर्यंत दुखतंय, मग पुढे दुखायचं थांबतंय. तिचं शेवटपर्यंत थोडं दुखायचं. म्हणजे काहीतरी राहिलंय. ते सापडेपर्यंत मी सेन्दाईला कशी जाऊ? घाला परत.”

काय राहिलंय ते मी आवाजांच्या यादीत शोधत होतो, आणि तिथे ते नव्हतंच, कारण तो आवाज नव्हता. पायपट्टी आणि कंगवा यांच्यामध्ये ती शांतता होती. मी इतकी वर्षं ती गाळून वाचत आलो होतो, दोन शब्दांमधली कोरी जागा गाळतात तशी. मी तोगावा-सानना विचारलं, कंगवा लागण्याआधी ती काय करायची? काही नाही, त्या म्हणाल्या. मग त्यांचा हात आपोआप डोक्याच्या मागे, वर गेला. बोट ठेवायची, त्या म्हणाल्या, इथे, एकच, आणि सावकाश गोल फिरवायची. मला वाटायचं, लाड करते. मी दिवा जवळ घेतला, केस बाजूला केले आणि जिथे त्यांनी हात नेला होता तिथे पाहिलं. भोवरा होता. पांढऱ्या केसांत तो फुलासारखा उघडा पडला होता, आणि तो डावीकडे फिरत होता. बहुतेकांचा उजवीकडे फिरतो, माझाही, जेव्हा केस होते तेव्हा. मी बोट ठेवून त्याच्या दिशेने फिरवलं आणि मला हाताखाली कळलं की हे सगळे केस जन्मापासून एकाच बाजूला निघालेले आहेत, आणि मी रोज त्यांना सभ्य माणसासारखं उलट वळवून घडी घालतोय, डावं वर, उजवं खाली, जिवंत माणसाच्या गळपट्टीसारखं. इत्सुए दमून थांबत नव्हती. ती आधी वाचत होती. आणि फोटो सुलटाच होता.

मग उजवी बाजू वर घ्यायची वेळ आली आणि माझे हात अडले. तोगावा-साननी का थांबलात विचारलं. मी सांगितलं की ही मेलेल्यांची बाजू आहे, आणि तुम्ही नवीन घरी निघालात. सांगताना मला इत्सुएच्या अंगावरचा पांढरा किमोनो दिसत होता, उजवी कड वर, आणि ती नीट करणारे परके हात. तोगावा-सान आरशात माझ्याकडे पाहत होत्या. बहुधा पहिल्यांदाच नीट पाहत होत्या.

“मेल्यावर कपडे उलटे घालतात,” त्या म्हणाल्या. “केसांना ते कुणी सांगायला गेलंय? घाला.”

मी घातली. डावे केस आधी खांबाभोवती, मग उजवे त्यांच्यावरून, आणि ते जणू वाट पाहत असल्यासारखे आपणच बसले. आकडे घडीच्या आतून शेपटीत गेले, बशीतले निम्मे उरले. बाहेर काही दिसत नव्हतं. तोगावा-साननी मान डावीकडे केली, उजवीकडे केली, मुद्दाम खोकल्या. “हं,” त्या शेवटी म्हणाल्या, “हे दुखणं तिचंच.” मी हातआरसा पुढे केला, त्यांनी तो बाजूला सारला. मागचं आपण बघायचं नसतं, इत्सुए-सान म्हणायची, ते आपल्या मागून येणाऱ्याचं असतं. मग बॅग घेऊन त्या निघाल्या, आणि बॅग जड म्हणून मी ती घेतली आणि गल्लीतून त्यांच्या मागे चालत गेलो. वारा होता. मासळीवाल्याने मान वर करून पाहिलं, सायकलवरून जाणारी एक शाळकरी मुलगी वळून पाहत गेली. तोगावा-सान कुणाकडे न पाहता ताठ चालल्या होत्या, आणि त्यांच्या मानेवर ती घडी कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जशीच्या तशी होती. बॅग देताना मी विचारलं, त्या मुलीला बोलावलं तर चालेल का, तिच्या हातांना एकदा हे कळायला हवं. उशीर करू नका म्हणजे झालं, त्या म्हणाल्या, आणि तिला सांगा, हात गरम करून ये.

घरी येऊन मी अंगातला कोटही काढला नाही. आधी चित्रं काढली, वाईट काढली, पण बाण दाखवून काढली. मग लिहिलं की कंगवा लावण्याआधी थांबा, बोट ठेवून भोवरा कुठे फिरतो ते पाहा, आणि घडी त्याच बाजूने न्या, मग ती कुणाची का बाजू असेना. काही माथ्यांवर दोन भोवरे असतील, त्यांचं काय करायचं ते मला माहीत नाही, ते तुम्ही शोधा. मधल्या केसांची शेपटी कागदाच्या दोरीने बांधा, रबराने नको, रबर घसरतं. दोरीचं टोक दातांत धरावं लागेल, त्यामुळे गिऱ्हाइकाशी बोलता येणार नाही, ती रागावली तर रागावू दे. भुवया वर जाईपर्यंत ओढा. थोडं दुखलं पाहिजे. आकडे आतून. हे सगळं ज्यांच्या केसांवर पाहिलं त्या तोगावा-सान नाताळानंतर सेन्दाईला जात आहेत, तोवर रोज सकाळी खुर्ची रिकामी आहे, तुम्ही या. मग पान संपत आलं आणि ती पहिली ओळ अजून लिहायचीच होती. मी शाई भरली. माझ्या लक्षात आलं की ती पहिली असायलाच हवी असं काही नाही. तिची बातमी आधी देऊन मग तिचं काम सांगितलं असतं तर कुणी खालचं वाचलं नसतं. मी सगळ्यात शेवटी लिहिलं, ‘इत्सुए तुमचं पत्र येण्याआधी वारली. मी तिचा नवरा. केसांतलं मला कळत नाही, चुकलो असेन तर येऊन दाखवा.’ वाचून पाहिलं. मुद्रितासारखं तपासलं. त्यात मला काही बदलायचं नव्हतं.

चित्रांमुळे पाकीट जाड झालं होतं, म्हणून पेटीत न टाकता मी टपाल कचेरीत गेलो. वर्षअखेरीची गर्दी होती, लोक नववर्षाच्या शुभेच्छापत्रांचे गठ्ठे घेऊन उभे होते. रांगेत उभं असताना मला नेहमीप्रमाणे सगळ्या शंका आल्या. पत्ता बदलला असेल. पार्लर बंद झालं असेल. ती मुलगी बँकेत नोकरी करत असेल आणि एका अनोळखी म्हाताऱ्याचं इतकं लांबलचक पत्र पाहून घाबरेल. मी त्या सगळ्या येऊ दिल्या आणि रांगेबरोबर पुढे सरकत राहिलो. खिडकीतल्या बाईंनी पाकिटाचं वजन केलं आणि विचारलं, साधं पाठवायचं की जलद.

“जलद,” मी म्हणालो.

त्यांनी शिक्का मारला आणि पाकीट मागच्या टोपलीत टाकलं.